भरल्या रक्तातील उपासमार

सर्वसाधारण प्रकृतीच्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. सकाळी उपाशीपोटी या सगळ्या रक्तात मिळून साखर किती असते, तर अवघी साडेचार-पाच ग्रॅम. चहाचा एक लहान चमचा भरेल एवढी. हाच माणूस दुपारी पानावर बसतो आणि मोठी वाटीभर भात खातो. त्या भातातील पिष्ट पचले म्हणजे सुमारे चाळीस ग्रॅम साखर आतड्यांतून रक्तात उतरते. पोळीचा आणि आमटीचा हिशेब निराळाच. या गणिताने रक्तातील साखर एका जेवणासरशी आठ-दहा पट व्हावयास हवी. प्रत्यक्षात निरोगी माणसात ती दीडपटीच्या पलीकडे सहसा जात नाही आणि दोन-तीन तासांत पूर्वीच्या जागी येऊन बसते. उलट, एखाद्याने एकादशीस दिवसभर तोंडात काही घातले नाही, तरी ती चमचाभर साखर रक्तातून नाहीशी होत नाही.

ही चमचाभर साखर क्षुल्लक नव्हे. एकटा मेंदूच तासाला सुमारे पाच ग्रॅम साखर खर्च करतो. रक्तातील शिलकीवरच त्याला विसंबून राहावे लागले असते, तर ती तासाभरात संपली असती. साखर फार खाली गेली की माणसास दरदरून घाम सुटतो, बोलण्यात गोंधळ होतो आणि अखेर शुद्ध हरपते. ती फार वर जाऊन वर्षानुवर्षे तेथेच राहिली, तर डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. या दोन मर्यादांमध्ये साखर खेळती ठेवण्याचे काम शरीर जन्मभर अखंड करीत असते. या कामाचा मुख्य कारभारी इन्शुलिन हा अंतःस्राव होय. हा कारभारी नाहीसा झाला, अथवा त्याचा शब्द कोणी मानीनासे झाले, म्हणजे जी अवस्था उद्भवते तिला मधुमेह म्हणतात. रक्तातील साखर हे या रोगाचे चिन्ह आहे. रोगाचे मूळ इन्शुलिनच्या कारभारात आहे. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात न घेतल्यामुळे मधुमेहासंबंधी अनेक गैरसमज पसरले असून त्यांपैकी काही प्राणावर बेतणारे आहेत.

कारभार कसा चालतो

भात, भाकरी, बटाटा, साबुदाणा या सर्वांतील पिष्ट म्हणजे ग्लुकोज या साध्या साखरेच्या लांबच लांब माळा होत. पचनक्रियेत या माळा तुटतात आणि सुटे मणी लहान आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतात. जिभेला भाकरी गोड लागत नाही, म्हणून तिच्यात साखर नाही असे समजणे चुकीचे आहे. जिभेची चव आणि रक्ताचा हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक आडवी, वीतभरापेक्षा थोडी कमी लांबीची ग्रंथी असते. तिचा बहुतेक भाग पाचकरस तयार करतो. परंतु या ग्रंथीत जागोजागी पेशींचे सूक्ष्म पुंजके विखुरलेले आहेत. १८६९ साली पाउल लँगरहॅन्स या जर्मन विद्यार्थ्याने त्यांचे प्रथम वर्णन केले. त्यांचे कार्य काय असावे, हे त्याला सांगता आले नव्हते. पुढे त्याच्याच नावाने हे पुंजके ‘लँगरहॅन्सची द्वीपे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. ही द्वीपे संख्येने दहा लाखांच्या आसपास असली, तरी सर्वांचे मिळून वजन एक-दोन ग्रॅमच भरते. सबंध देहाच्या साखरेचा कारभार या चिमूटभर पेशींच्या हाती आहे.

द्वीपांतील बीटा पेशी इन्शुलिन तयार करून साठवून ठेवतात. रक्तात साखर वाढली की ती याही पेशींत शिरते आणि तेथे जळते. तिच्या जळण्याने पेशीची विद्युत्स्थिती बदलते आणि साठवलेले इन्शुलिन बाहेर पडते. म्हणजे साखर स्वतःच आपल्या आगमनाची वर्दी देते. इतकेच नव्हे, तर अन्न आतड्यात उतरताच आतड्यातूनही काही स्राव निघून बीटा पेशींना आगाऊ सूचना पोहोचवतात.

इन्शुलिन प्रथम जाते ते यकृताकडे. यकृत हे साखरेचे कोठार होय. इन्शुलिनचा निरोप मिळाला की यकृत रक्तात साखर सोडण्याचे थांबवते आणि आलेली साखर ग्लायकोजेनच्या रूपाने, सुमारे शंभर ग्रॅमपर्यंत, साठवून ठेवते. तेथून इन्शुलिन स्नायूंकडे पोहोचते. स्नायूंच्या पेशींत साखर आत घेणारी सूक्ष्म दारे असतात. पण एरवी ती पेशीच्या पोटात मिटून पडलेली असतात. इन्शुलिन पेशीच्या पृष्ठभागावर येऊन जणू कडी वाजवते. तो आवाज आत पोहोचला की ती दारे वर येऊन उघडतात आणि साखर आत शिरते. स्नायूंचे कोठार यकृतापेक्षा मोठे, सुमारे चारशे ग्रॅमचे असते. तिसरा निरोप जातो तो चरबीला : साठा जपून ठेव, सध्या वितळण्याची गरज नाही.

जेवण पचून गेले म्हणजे हाच कारभार उलट दिशेने चालतो. इन्शुलिन उतरते आणि द्वीपांतील अल्फा पेशी ग्लुकॅगॉन नावाचा विरोधी स्राव सोडतात. त्याच्या हुकुमाने यकृत आपल्या कोठारातून थोडीथोडी साखर रक्तात सोडते, आणि रात्रभर झोपेतही मेंदूला अन्न मिळत राहते. कित्येक रोगी तक्रार करतात, की रात्री पोटात काही नव्हते, तरी सकाळच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. त्या साखरेचा पुष्कळसा भाग ताटातून आलेला नसतो. इन्शुलिनचा लगाम सैल झाल्यामुळे यकृताने ती रात्रभर गरजेपेक्षा जास्त ओतलेली असते.

कडी वाजवणाराच नसेल तर

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात शरीराचे संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून बीटा पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. हा प्रकार बहुधा बालपणी किंवा तारुण्यात दिसतो, परंतु तो कोणत्याही वयात होऊ शकतो. मुलाने गोड जास्त खाल्ले, किंवा आईने त्याला ते फार दिले, म्हणून हा रोग होत नाही. अशा मातेस दोष देणे हा निव्वळ अन्याय होय.

इन्शुलिनच नाही, म्हणजे कडी वाजवणाराच नाही. जेवणानंतर साखर रक्तात येते, पण स्नायूंची दारे बंद राहतात. यकृतावर लगाम उरत नाही. बाहेरून आलेल्या साखरेत ते आपल्याकडील साखरेची भर घालीत राहते. रक्तातील साखर १०० मिलिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या सुमारास पोहोचली की मूत्रपिंडांना ती अडवून धरता येत नाही आणि ती लघवीवाटे वाहू लागते. जाताना ती पाणीही ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी होते आणि घसा कोरडा पडून सारखी तहान लागते. पेशींना मात्र अन्न मिळत नाही. त्या उपाशी राहिल्यामुळे भूक वाढते. आणि भरपेट खाऊनही मूल दिवसेंदिवस वाळत जाते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. साखरेने भरलेले रक्त पेशींच्या दारावरून वाहत असते आणि शरीर इंधनासाठी स्वतःची चरबी व मांस जाळीत सुटते.

चरबी अशी बेसुमार जळू लागली की यकृतात कीटोन नावाची आम्लद्रव्ये तयार होतात. ती रक्तात साचली म्हणजे ओकाऱ्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास अशी लक्षणे दिसू लागतात. आणि वेळीच इन्शुलिन व शिरेवाटे द्रवपदार्थ मिळाले नाहीत, तर बेशुद्धी येऊन मृत्यू ओढवतो. अशा मुलाचे दुखणे पोटाचा विकार समजून घरगुती उपायांत एक-दोन दिवस गेले, तर तेवढा विलंबही घातक ठरू शकतो. जे मूल अकस्मात रात्री अंथरूण ओले करू लागते, अतिशय पाणी पिते आणि वाळत जाते, त्याची रक्तातील साखर त्याच दिवशी तपासून घेतली पाहिजे.

शंभर वर्षांपूर्वीचा चमत्कार

मधुमेह भारतास नवा नाही. चरकसंहितेत आणि सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह त्यांपैकीच एक आहे. या रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे त्या काळच्या वैद्यांनी हेरले होते. सुश्रुताने जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे प्रमेहाचे दोन भेद करून, पहिल्यातील रोगी कृश तर दुसऱ्यातील स्थूल असतो, असेही सांगितले आहे. निरीक्षण अचूक होते. कारण मात्र दीर्घकाळ अज्ञात राहिले. इंग्लंडमध्ये मॅथ्यू डॉब्सन याने १७७६ साली दाखवून दिले की मधुमेह्याच्या मूत्रातील गोडी ही साखरेचीच असते. पुढे १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्यास तीव्र मधुमेह झाला. रोगाचा उगम कोठे शोधावयाचा, हे तेव्हापासून स्पष्ट झाले.

तरीसुद्धा उपचार नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाची मुले जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षे जगवली जात. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क मिळवला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या, अस्थिपंजर झालेल्या मुलास टोचण्यात आला. अर्क अशुद्ध होता आणि गुण फारसा आला नाही. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने रात्रंदिवस खपून तो शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून टोचणे पुन्हा सुरू झाले. चोवीस तासांत मुलाच्या रक्तातील साखर ५२० वरून १२० मिलिग्रॅमवर आली. मरणाच्या दारातून परतलेला लेनर्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपल्या रकमेचा अर्धा वाटा बेस्टला आणि मॅक्लाउड यांनी कॉलिपला दिला. इन्शुलिनचे एकस्व टोरांटो विद्यापीठास नाममात्र एका डॉलरला देण्यात आले.

पुढे फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्शुलिनची पूर्ण रचना उलगडून दाखवली. हा एक्कावन्न घटकांचा, दोन साखळ्यांचा एक लहानसा प्रथिन पदार्थ आहे. तो प्रथिन असल्यामुळेच पोटात गेल्यास डाळीतल्या प्रथिनासारखा पचून जातो. म्हणून तो बहुधा टोचूनच घ्यावा लागतो. अनेक दशके तो डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडांपासून काढीत. १९८२ पासून जिवाणूंकडून तयार करवलेले मानवी इन्शुलिन औषध म्हणून मिळू लागले.

कडी वाजते, पण ऐकू येत नाही

मधुमेहाच्या दर शंभर रोग्यांपैकी नव्वदांहून अधिकांचा रोग मात्र दुसऱ्या प्रकारचा असतो. १९३६ साली लंडनमध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी रोग्यांना एकाच वेळी ग्लुकोज पाजून आणि इन्शुलिन टोचून पाहिले. काहींची साखर वाढली नाही. काहींची मात्र इन्शुलिन असूनही चढत गेली. दुसऱ्या गटातील रोग्यांची शरीरे इन्शुलिनला दाद देत नव्हती. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील अत्यल्प इन्शुलिन मोजण्याची किरणोत्सर्गी पद्धत शोधली. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मापनांतून असे दिसले, की प्रौढपणी मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन पुष्कळ असते. या पद्धतीबद्दल यालो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या प्रकारात कडी वाजत असते, पण पेशीला ती ऐकू येत नाही. स्नायूंत आणि यकृतात जेथे साठू नये तेथे चरबी साठली की इन्शुलिनचा निरोप वाटेतच क्षीण होतो. स्वादुपिंड त्यावर उपाय म्हणून कडी अधिक जोराने वाजवू लागते. पूर्वी जेवढे काम एक माप इन्शुलिनने होई, त्यासाठी दोन-तीन मापे सोडते. या जादा मेहनतीमुळे साखर कित्येक वर्षे ठीक राहते आणि माणसास कसलीच कल्पना येत नाही. परंतु बीटा पेशींची शक्ती अमर्याद नसते. त्या थकू लागतात, काही नष्ट होतात, आणि मग साखर वर चढते. ब्रिटनमध्ये झालेल्या एका दीर्घ अभ्यासात असे आढळले, की रोगाचे निदान होते त्या वेळी या पेशींचे सुमारे निम्मे बळ सरलेले असते. म्हणजे ज्या दिवशी तपासणीचा कागद हाती येतो, तो रोगाचा पहिला दिवस नव्हे. रोग कित्येक वर्षे आधीच घरात शिरलेला असतो.

या काळात आणखी एक विपरीत गोष्ट घडत असते. स्नायूंची दारे इन्शुलिनवाचून उघडत नाहीत. पण डोळ्याचा पडदा, मूत्रपिंडाच्या गाळण्या आणि मज्जातंतू यांतील पेशींची दारे सदैव उघडी असतात. त्यांना इन्शुलिन लागत नाही. रक्तात साखर वाढली की ती तेथे अनिर्बंध शिरते आणि बारीक रक्तवाहिन्यांचा व तंतूंचा नाश करते. एकाच देहात स्नायू उपाशी आणि डोळे साखरेने तुंबलेले, अशी ही दशा असते. पाय बधिर होतो, जखम कळत नाही, ती चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. त्याचे मूळ येथेच आहे. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो.

आपल्याकडे हे का वाढले

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशभर एक लाख तेरा हजार माणसांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात सुमारे दहा कोटी माणसांना मधुमेह असून साडेतेरा कोटींहून अधिक माणसे त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सर्वांत अधिक प्रमाण निघाले ते गोव्यात : शंभर प्रौढांमागे २६.४. दर चार प्रौढांमागे एक, असा हा हिशेब होतो.

अंगाने सडपातळ दिसणाऱ्या माणसासही येथे हा विकार का जडतो, याचा शोध पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले, की तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी, सरासरी सुमारे २.७ किलोची असतात. पण ही उणीव प्रामुख्याने मांसाची असते, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे होते. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. उंची-वजनाचा हिशेब दोघांना एकच आकडा दाखवीत होता.

यावरून असे म्हणता येईल, की हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही आपल्याकडील परिचित अंगकाठी आरोग्याची खूण मानता येत नाही. गर्भावस्थेत आईला पोटभर व सकस अन्न मिळाले नाही, तर मुलाचे स्नायू, म्हणजे साखरेचे सर्वांत मोठे कोठार, लहान राहते. पुढे त्याच मुलाच्या वाट्याला बैठे काम आणि पिष्टाने भरलेले ताट आले, तर साखर ठेवावयाची कोठे, असा प्रश्न शरीरापुढे उभा राहतो. मधुमेहास आळा घालण्याचे एक काम गर्भवतीच्या ताटापासून सुरू होते, हे यातून दिसून येते.

ओळख आणि उपाय

लघवीस मुंग्या लागण्याची वाट पाहणे धोक्याचे आहे, कारण १८० च्या खाली साखर मूत्रात सहसा उतरत नाही; आणि रोग तर त्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्याल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक असेल, तर तो मधुमेह समजतात. लक्षणे नसल्यास तपासणी पुन्हा करून खात्री करून घेतात. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ असेल, तर माणूस उंबरठ्यावर आहे असे समजावे. एचबीएवनसी ही आणखी एक तपासणी आहे. रक्तातील साखर तांबड्या पेशींतील रक्तद्रव्याला चिकटते आणि या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून या तपासणीत गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. बोटाला टोचून पाहिलेली साखर ही त्या घटकेची नोंद. एचबीएवनसी ही तिमाहीची खतावणी. ६.५ टक्के किंवा अधिक आकडा मधुमेह दाखवतो. आदल्या चार दिवसांच्या पथ्याने ही खतावणी बदलत नाही.

उपायांत पहिला मान चालण्याचा. स्नायू कामास लागला की त्याची दारे इन्शुलिनच्या हाकेवाचूनही उघडतात. पुढच्या दाराची कडी कोणी ऐकत नसले, तरी साखरेला हे परसदार मोकळे असते. आणि व्यायाम संपल्यावरही काही तास पेशी इन्शुलिनचे अधिक ऐकतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंबरठ्यावरील माणसांनी वजन सुमारे सात टक्के घटवण्याचा आणि आठवड्यास १५० मिनिटे चालण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चेन्नई येथील प्रयोगात आहार आणि व्यायाम यांनी ही घट २८.५ टक्के झाली. फळ कमी-अधिक मिळाले, पण ते बिनखर्ची उपायाचे फळ होते.

आहारात चहातील साखर सोडून तिच्या जागी गूळ घालण्याने काही साधत नाही. रक्ताच्या दृष्टीने गूळही साखरच. उपासाच्या दिवशी भरपेट साबुदाण्याची खिचडी खाणे म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट खाणे होय. पानातील भाताचा ढीग लहान करून त्या जागी उसळ, भाजी, कोशिंबीर, डाळ यांना स्थान दिले, तर साखर सावकाश चढते आणि स्वादुपिंडावरील भार हलका होतो. कडू खाल्ले म्हणजे गोड मरते, ही समजूत मात्र सोडून दिली पाहिजे. कारल्याची भाजी खुशाल खावी, पण तिच्या भरवशावर औषध बंद करू नये.

औषधेही या कारभाराच्या निरनिराळ्या ठिकाणी काम करतात. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृताचा हात आवरते. काही गोळ्या बीटा पेशींकडून अधिक इन्शुलिन सोडवून घेतात. काही साखर लघवीवाटे बाहेर घालवतात. काही औषधे आतड्यातील सूचनास्रावांचे काम करतात. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्यालाही चालेल, असे गृहीत धरता येत नाही. गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने साखर एकाएकी ७० च्या खाली गेल्याची चिन्हे ओळखावयास शिकले पाहिजे : घाम, थरथर, धडधड, कासावीस भूक. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यावी. रोगी बेशुद्ध असल्यास त्याच्या तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

सर्वांत मोठा गैरसमज इन्शुलिनसंबंधीच आहे. ‘इन्शुलिन लागले म्हणजे आता शेवट आला’ असे लोक म्हणतात, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून, एखाद्या चूर्णाच्या आशेने, ते टाळतात किंवा सोडून देतात. दुसऱ्या प्रकारच्या रोग्याने असे केले, तर डोळ्यांची आणि मूत्रपिंडांची हानी वाढत जाते. पहिल्या प्रकारच्या मुलाचे इन्शुलिन थांबवले, तर त्याचा मृत्यू काही दिवसांवर येऊन ठेपतो. त्याचे रक्त पुन्हा १९२२ पूर्वीच्या काळात जाते. इन्शुलिन ही शिक्षा नव्हे आणि व्यसनही नव्हे. निरोगी माणसाचे शरीर जो पदार्थ क्षणोक्षणी तयार करीत असते, तोच पदार्थ या रोग्याला सुईने मिळतो, इतकाच काय तो फरक.

अमेरिकेत आणि कॅनडात पहिल्या प्रकारच्या १४४१ रोग्यांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे डोळे आरंभी निर्दोष होते, त्यांच्यात साखर काटेकोरपणे आवरल्याने डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी उतरला. अंधत्व हे मधुमेह्याच्या कपाळी लिहिलेलेच असते, ही समजूत या एका आकड्याने खोटी ठरवली आहे. वर्षातून एकदा डोळ्यांची आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी, रोज रात्री पायांच्या तळव्यांकडे एक दृष्टिक्षेप, नेमाने चालणे, बेताचे पान आणि ठरलेले औषध, एवढ्यावर मधुमेही माणूस नातवंडांच्या लग्नाचे जेवण, थोड्या बेताने का होईना, समाधानाने जेवू शकतो. चाळिशी गाठलेल्या, पोट सुटलेल्या, किंवा ज्याच्या आईवडिलांना हा विकार होता अशा प्रत्येकाने तक्रारीची वाट न पाहता एकदा रक्त तपासून घ्यावे. हा रोग बोलत नाही; त्याला विचारावे लागते.